पपईचे टिश्यू कल्चर कुठे अडले?

रावेर-यावलपासून बुऱ्हाणपूरपर्यंत केळीचे टिश्यू कल्चर रोप आता नवलाईचे राहिलेले नाही. जळगावच्या प्रयोगशाळेतून ग्रँड नैनची रोपे ट्रकने निघतात आणि शेतकरी लागवडीच्या कित्येक महिने आधी नोंदणी करून ठेवतो. त्याच शेतकऱ्याची बांधापलीकडची पपई मात्र अजून बियांवरच चालते. तैवानी ७८६ चे बी घ्यायचे, ट्रेमध्ये टाकायचे आणि दीड महिन्याचे रोप शेतात न्यायचे, हीच रीत. केळीला जे जमले ते पपईला का जमत नाही, हा प्रश्न शहाद्याच्या बाजारातही निघतो.

'प्रयोगशाळेत अजून जमलेले नाही' हे उत्तर चुकीचे आहे. पपईच्या पेशीपासून पूर्ण झाड उभे करण्याची पद्धत चाळीस वर्षांहून जुनी आहे. कायिक भ्रूणजनन हे तिचे नाव. परागीभवन आणि फलन यांच्याशिवाय साध्या पेशीतून भ्रूण तयार करायचा आणि तो बियातल्या भ्रूणासारखा उगवायचा, अशी ही पद्धत. गाडे वेगळ्या ठिकाणी अडले आहे. पपईचा जो भाग या पद्धतीला सर्वांत चांगला प्रतिसाद देतो, तोच शेतकऱ्याच्या सर्वांत कमी कामाचा आहे. या आढाव्याचा सगळा रोख त्या विसंगतीवर आहे.

केळीचा हिशेब इथे चालत नाही

केळी लावायची तर कंद किंवा मुनवा लागतो. मुनव्याबरोबर सूत्रकृमी येतात, सोंडकिडा येतो, पर्णगुच्छाचा विषाणूही येतो. टिश्यू कल्चरने ही साखळी तोडली, शिवाय बाग एका वयाची आणि एका वेळी कापणीला येणारी झाली. केळीच्या शेतकऱ्याने जास्तीचे पैसे मोजले ते या दोन गोष्टींसाठी.

पपई मुळातच बियांपासून होते. तिचा मुख्य शत्रू म्हणजे रिंग स्पॉट विषाणू. पानांवर पिवळी-हिरवी नक्षी उठते, देठावर तेलकट रेघा दिसतात, फळावर कड्या पडतात. शेतकरी याला सरळ 'व्हायरस आला' म्हणतो. पण हा विषाणू बियांतून रोपात उतरत नाही. कीडरोधक जाळीत वाढवलेले बियांचे रोप विषाणूच्या बाबतीत जवळजवळ टिश्यू कल्चरच्या रोपाइतकेच स्वच्छ असते. लागण होते ती शेतात, मावा किडीमुळे. मावा रोगट पानाला सोंड लावून क्षणात विषाणू उचलतो आणि पुढच्या पानात तितक्याच क्षणात सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते, म्हणून नुसत्या फवारणीने हा रोग आवरत नाही. पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या, पाने मुरडणाऱ्या लीफ कर्लची लागणही शेतातच होते. बाटलीत जन्मलेले रोप शेतात गेले की त्याच माव्याच्या आणि त्याच माशीच्या तावडीत असते.

म्हणून पपईच्या जाहिरातीत 'टिश्यू कल्चर, रोगमुक्त' असे लिहिलेले दिसले तर ते शब्द केळीच्या पत्रकातून उचललेले आहेत असे समजावे. रोगमुक्त रोप आणि रोगप्रतिकारक रोप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि टिश्यू कल्चर फार तर पहिली देऊ शकते.

पपईला हवे आहे ते लिंगाचे ज्ञान

मग पपईत टिश्यू कल्चरची गरज कशासाठी? कारण पपईची झाडे तीन प्रकारची असतात: नर, मादी आणि उभयलिंगी. १९३८ च्या सुमारास हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर यांनी या वारशाचे गणित मांडले. आजच्या भाषेत सांगायचे तर मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नरात एक्स आणि वाय, तर उभयलिंगी झाडात एक्स आणि वायचा थोडा वेगळा अवतार. वायच्या दोन प्रती एकत्र आल्या तर तो भ्रूण बी भरण्याआधीच मरतो. परिणामी उभयलिंगी झाडाचे स्वपरागीभवन केले तरी सगळी संतती उभयलिंगी होत नाही. दोनास एक या प्रमाणात उभयलिंगी आणि मादी झाडे निघतात. शुद्ध उभयलिंगी बी ही गोष्ट निसर्गाने शिल्लकच ठेवलेली नाही.

वॉशिंग्टनसारख्या जुन्या वाणांत निम्मी झाडे नर निघायची. फुले येईपर्यंत त्यांना पाणी-खत घालायचे, मग दहा माद्यांमागे एखादा नर ठेवून बाकीचे उपटायचे. पुसा डेलिशियस, सीओ-७, सूर्या आणि तैवानी ७८६ यांनी नरांचा प्रश्न संपवला, पण मादी आणि उभयलिंगी यांची सरमिसळ राहिलीच. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, गर जाड, पोकळी लहान. मादीचे फळ आखूड-गोलसर, पोकळी मोठी. कागदात गुंडाळून, गाडीत थर लावून दिल्लीकडे पाठवायच्या मालात लांबट फळच व्यापाऱ्याला हवे असते. ८ बाय ६ फुटांवर लागवड केली तर एकरात सुमारे ९०७ झाडे बसतात. दोनास एक हे प्रमाण धरले तर त्यातली तीनशेच्या आसपास झाडे मादी निघणार, आणि ती कोणती हे फूल दिसेपर्यंत कळणार नाही. हवाईचे बागायतदार एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावतात आणि फुलोऱ्यात उभयलिंगी तेवढे एक ठेवून बाकी काढतात. आपल्याकडे तैवानी बियाच्या भावात ते परवडत नाही. एका खड्ड्यात एक रोप लावायचे आणि पुढचे नशिबावर सोडायचे.

शंभर टक्के उभयलिंगी बाग मिळवण्याचा सरळ मार्ग एकच: पारखलेल्या उभयलिंगी झाडाची कायिक पद्धतीने नक्कल करणे. पपईच्या टिश्यू कल्चरची खरी कसोटी ही आहे.

पेशीतून भ्रूण

फुलझाडाची सुटी पेशी पूर्ण झाड घडवू शकते हा विचार १९०२ मध्ये हाबरलांटने मांडला. १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी अमेरिकेत आणि राइनर्ट यांनी जर्मनीत गाजराच्या पेशींपासून भ्रूण मिळवून तो खरा करून दाखवला. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचे माध्यम आले, तेच 'एमएस' या नावाने आजही प्रयोगशाळांत वापरले जाते. पपईवर १९७० च्या दशकात काम सुरू झाले. १९७४ मध्ये डी ब्रुइन आणि सहकाऱ्यांना पानाच्या देठाच्या कॅलसमध्ये, म्हणजे पेशींच्या अनाकार पुंजक्यात, भ्रूणासारख्या रचना दिसल्या. १९७७ मध्ये तैवानच्या यी आणि लिआव यांनी रोपे मिळवली. १९८२ मध्ये फ्लोरिडात लिट्झ आणि कोनोव्हर यांनी बीजांडापासून भ्रूण आणि त्यापासून रोपे उभी केली. १९९० मध्ये हवाईत मॉरीन फिच आणि रिचर्ड मॅनशार्ट यांनी कोवळ्या बियांतल्या भ्रूणांवर पद्धत बसवली, आणि पुढच्या बहुतेक प्रयोगशाळांनी तीच उचलली.

कृती अशी. परागीभवनानंतर ९० ते १२० दिवसांचे हिरवे फळ घ्यायचे. वरून निर्जंतुक करून ते हवा गाळणाऱ्या कपाटात चिरायचे. आत बी अजून पांढरे, मऊ असते. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने त्याचे आवरण फोडले की साबुदाण्याहून लहान, चपटा भ्रूण बाहेर येतो. तो एमएस माध्यमावर २,४-डी या संप्रेरकासोबत अंधारात ठेवायचा. गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर फवारतात तेच हे २,४-डी. शेजारच्या शेतातून याचा फवारा उडाला तर उभ्या पपईची पाने मुरडतात, आणि इथे लिटरमागे काही मिलिग्रॅमच्या मात्रेत ते पेशींना त्यांची ओळख विसरायला लावते. काही आठवड्यांत भ्रूणाच्या टोकाशी पिवळसर, भुसभुशीत पुंजका धरतो, आणि त्यावर चमकदार पांढरे दाणे उठू लागतात. आधी गोल, मग हृदयाकार, मग लांबट, शेवटी दोन बीजदलांचे. २,४-डी काढून घेतले की ते हिरवे होतात आणि मूळ व कोंब दोन्ही टाकतात.

या पद्धतीचा मोठेपणा इथेच आहे. कोंबाच्या संवर्धनात आधी कोंब वाढवायचे आणि मग त्यांना मुळे फोडायची, असे दोन टप्पे असतात. भ्रूणाला खोड आणि मूळ ही दोन्ही टोके जन्मतःच मिळतात. एका पुंजक्यातून पुन्हापुन्हा भ्रूण निघतात, द्रव माध्यमातही ते वाढवता येतात. अल्जिनेटच्या मण्यात भ्रूण बंद करून कृत्रिम बी करण्याचे प्रयोगही पपईत झाले आहेत. कागदावर हा रोपांचा कारखानाच आहे.

पुण्याचे दोन धागे

या कामात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वनस्पती ऊतिसंवर्धन विभाग देशातल्या जुन्या आणि नावाजलेल्या विभागांपैकी. १९९० मध्ये नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बाटलीतच बांबूला फुले आणल्याचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला, तो इथलाच. याच प्रयोगशाळेत पपईच्या अपक्व भ्रूणांवर काम झाले. रेणुकदास, खुस्पे, रावल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बोरॉनचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. बोरॉन कमी पडले की पपईचे फळ गाठाळ, वेडेवाकडे होते हे बागायतदाराला ठाऊक असते. माध्यमात बोरिक आम्लाची मात्रा नेमकी बसवली तर कायिक भ्रूण जास्त मिळतात, असे या कामातून पुढे आले.

दुसरा धागा लिंगनिदानाचा. त्याच प्रयोगशाळेत परसनीस, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पपईच्या डीएनएतला नर-मादी भेद दाखवणारा खुणेचा तुकडा नोंदवला. २००० मध्ये रोपावस्थेतच नर ओळखण्याची पीसीआर चाचणी प्रसिद्ध केली. नर आणि उभयलिंगी यांना मादीपासून वेगळे करणाऱ्या खुणा २००२ मध्ये जपानी आणि हवाईच्या गटांनी दिल्या. पानाचा चिमूटभर तुकडा पुरतो, कॅलसचाही चालतो.

एक धागा भ्रूण देणारा, दुसरा त्याचे लिंग सांगणारा. दोन्हींवर पुण्यात काम झाले, आणि तरीही शेतकऱ्याच्या हाती पडेल असे रोप त्यांतून विणले गेले नाही. त्याचे कारण हवाईच्या गोष्टीत सापडते.

हवाईत जे साधले ते कशामुळे

हवाईच्या पुना भागात १९९२ मध्ये रिंग स्पॉट विषाणू पोचला आणि काही वर्षांत राज्याचे पपई उत्पादन निम्म्याच्या आसपास आले. त्याआधीच कॉर्नेल विद्यापीठातले डेनिस गोन्साल्व्हिस यांनी फिच आणि मॅनशार्ट यांच्याबरोबर तयारी केली होती. विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक धातूच्या सूक्ष्म कणांवर चढवायचे आणि जीन गनने भ्रूणजनक ऊतीवर झाडायचे. ज्या पेशीत ते रुजेल तिच्यापासून भ्रूण, भ्रूणापासून झाड. '५५-१' नावाचे असे एक झाड विषाणूला दाद देईना. त्यातून सनअप वाण आला, सनअप आणि कापोहो यांच्या संकरातून रेनबो. मे १९९८ मध्ये बी बागायतदारांना वाटले गेले आणि पुनाची पपई परत उभी राहिली. २००८ मध्ये पपईचा जनुकसंच वाचला गेला तोही सनअपचाच.

इथे कायिक भ्रूणजननाकडे मागणी होती ती एका झाडाची. ते मूळ झाड मादी होते, पण त्याने काही बिघडले नाही. पैदासकाराने ते सनसेट वाणाशी संकरित केले, पुढच्या पिढ्यांत निवड केली आणि शेतकऱ्याला शेवटी दिले ते बीच. भ्रूणाचे लिंग काय, त्याचे फळ कसे, हे प्रश्न पैदासकाराच्या हातात पुढे सुटतात. रोपवाटिकेच्या हातात सुटत नाहीत, कारण तिथून निघालेले रोप थेट शेतात जाते.

आपल्याकडे हाच मार्ग उचलता आला नाही, त्याला दोन कारणे. आवरण-प्रथिनाचे संरक्षण विषाणूच्या जनुकक्रमाशी जुळण्यावर अवलंबून असते, त्यामुळे हवाईचे झाड भारतीय विषाणूला पुरेल असे नाही. इथल्या विषाणूचे जनुक घेऊन इथल्या वाणात काम करावे लागते, आणि तसे संशोधन देशात झालेही आहे. दुसरे कारण परवानगीचे. भारतात शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी लागवडीसाठी पोचलेले जनुकबदल पीक आजही एकच, बीटी कापूस. म्हणून पुण्यातल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्राने साध्या निवडीतून सहनशील वाण शोधण्याची वाट धरली, तर बंगळुरू-कोइमतूरकडे पपईच्या जंगली भावंडांशी संकराचे प्रयत्न झाले.

गाठ कुठे बसली आहे

आता मूळ विसंगतीकडे येऊ. कोवळा भ्रूण लगेच प्रतिसाद देतो, पण तो स्वतःच बियाचा गर्भ आहे. तो नर, मादी की उभयलिंगी हे ठाऊक नाही. त्यापासून हजार रोपे केली तर ती एकमेकांची नक्कल असतील, पण नक्कल कोणाची याचे उत्तर आधी मिळत नाही. याउलट शेतात फळांनी लगडलेले, पारखलेले उभयलिंगी झाड समोर आहे, पण त्याच्या जुन्या ऊती भ्रूण देण्यात अत्यंत हट्टी.

पीसीआरने ही गाठ अर्धी सुटते. कॅलसचे लिंग तपासून उभयलिंगी तेवढे ठेवता येतात. एकसारख्या संकरित वाणाचा भ्रूण असेल तर फळाचा दर्जाही बराचसा अंदाजात राहतो. अर्धी गाठ मात्र तशीच राहते, कारण उभयलिंगी झाड हवामानाला हळवे असते. कडक उन्हाळ्यात त्याची फुले वांझ होतात किंवा नर फुलांसारखी वागतात, थंडीत पुंकेसर अंडाशयाला चिकटून फळे वाकडी होतात. मादी यात स्थिर असते. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हाळ्यात उभयलिंगी बागेत फळांच्या माळेत मोठी खिंड पडली तर ती एका-दोन झाडांत नाही, अख्ख्या बागेत पडेल, कारण सगळी झाडे एकच. म्हणून मातृवृक्ष असा हवा, ज्याने शहाद्याचा किंवा खरगोनचा एक उन्हाळा फळ न सोडता काढला आहे. कोवळा भ्रूण ही परीक्षा देऊच शकत नाही.

म्हणून बऱ्याच ठिकाणी कोंबाच्या संवर्धनाकडे वळावे लागते: वयात आलेल्या उभयलिंगी झाडाच्या बगलेतले कोंब घ्यायचे. तिथे पपईची बाकीची दुखणी समोर येतात. शेतातल्या झाडाच्या ऊतीत आतच जिवाणू दडलेले असतात, वरून कितीही धुतले तरी काही आठवड्यांनी बाटलीत दुधट साय धरते. कोंबाला मुळे फोडण्यासाठी आयबीए हे संप्रेरक द्यावे तर बुडाशी कॅलस फुगतो, आणि त्यातून निघालेली मुळे खोडाशी नीट जोडलेली नसतात. ऑस्ट्रेलियात रॉडरिक ड्र्यू यांच्या गटाने आयबीए थोडा काळच देणे आणि त्याच्या विघटनासाठी रायबोफ्लेविन वापरणे असे उपाय काढले. हवा खेळती राहील अशा बाटल्याही उपयोगी ठरल्या. तरी बाहेर काढल्यावर पोकळ, पाणीदार खोडाचे हे रोप हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावताना, केळीपेक्षा जास्त मरते. दमट बोगद्यात ओल थोडी जास्त झाली की बुडाशी कुज, थोडी कमी झाली की मान टाकली.

कायिक भ्रूणांची स्वतःचीही खोड आहे. दोन भ्रूण चिकटलेले, बीजदले तीन-चार, मूळ आहे पण कोंब नाही, असे वेडेवाकडे भ्रूण बरेच निघतात. कॅलस जुना झाला की भ्रूण देण्याची ताकद घटते, आणि २,४-डी वर लांबलेल्या मुक्कामाने आनुवंशिक बदल शिरण्याची भीती वाढते. केळीत बिघडलेले रोप हार्डनिंगमध्ये पानावरून ओळखू येते. पपईत फळाचा बिघाड फळ येईपर्यंत कळत नाही.

शेवटी पैसा. केळीची बाग खोडव्यासह काही वर्षे रोपाची किंमत फेडते. पपईची बाग आपल्याकडे विषाणूमुळे दीड-दोन वर्षांत मोडावी लागते. महाग रोप घेऊन पहिल्याच पावसाळ्यात रिंग स्पॉट आला तर शंभर टक्के उभयलिंगी बागही तितकीच वाया.

पुढची दिशा

तरी निकाल नकारार्थी नाही. हवाईत फिच आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उभयलिंगी झाडांच्या कायिक रोपांच्या बागांची बियांच्या बागांशी तुलना प्रसिद्ध केली. कायिक रोपे लवकर आणि कमी उंचीवर फळाला आली. म्हणजे शेतात या रोपांचा फायदा दिसतो. कायिक भ्रूणजननाची जागा मात्र दुसरीकडे पक्की होते आहे. जनुक संपादनालाही एका पेशीपासून झाड उभे करावे लागतेच, आणि २०२२ मध्ये भारताने बाहेरचे जनुक न राहणाऱ्या संपादित वनस्पतींना कडक नियमांतून सवलत दिली. तांदळाचे दोन संपादित वाण २०२५ मध्ये जाहीरही झाले. विषाणूला दाद न देणारी पपई या वाटेने आली, तर ती भ्रूणजनक कॅलसमधूनच येईल.

कामाची वाटणी अशी स्पष्ट दिसते. नवा वाण घडवायचा असेल तर कायिक भ्रूणजनन. पारखलेल्या झाडाची रोपे करायची असतील तर कोंबाचे संवर्धन किंवा मुळे फोडलेली छाटकलमे. या दोन कामांची गल्लत करणारा विक्रेता एक दाखवून दुसरे विकत असतो. जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था चालवली आहे, पण प्रमाणपत्र रोप स्वच्छ आणि वाणाशी प्रामाणिक आहे एवढे सांगेल. मातृवृक्ष तुमच्या उन्हात टिकला का, हे ते सांगणार नाही.

तेव्हा 'टिश्यू कल्चर पपई' असे नाव ऐकले की नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी शेतकऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. रोप बियाच्या भ्रूणापासून केले की फळ दिलेल्या झाडापासून? उभयलिंगी असल्याची खात्री कोणत्या चाचणीने केली? आणि तो मातृवृक्ष किंवा त्याची आधीची बाग खानदेश-निमाडात कुठे बघायला मिळेल? तिसऱ्या प्रश्नाला गावाचे नाव आणि रस्ता मिळाला तर जाऊन बघावे, आणि तेही मे महिन्यात. नाव मिळाले नाही तर तैवानी बी आणि कीडरोधक जाळी हाच आज शहाणपणाचा सौदा आहे.